प्रेमापोटी लिहून दिलेला हिस्सा

इन्कम टॅक्सच्या एका साहेबानं माझ्या आत्याला विचारलं होतं, "बाई, तुम्ही जेवता कुणाच्या घरी?" या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. साहेब कधीच रिटायर झाला असेल, कदाचित आज हयातही नसेल. पण तो प्रश्न आणि तो विचारतानाचा त्याचा चेहरा आठवला की माझं डोकं अजून तापतं. वयाबरोबर राग निवतो असं लोक सांगतात. माझा हा एक राग निवला नाही आणि तो निवावा असं मला वाटतही नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडील तिला अक्का म्हणायचे. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा विषमज्वरानं गेला आणि तान्ह्या मुलीला घेऊन ती औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरी आली ती कायमचीच. माझी आई मी शाळेत असतानाच वारली, त्यामुळं मला आणि माझ्या भावाला आत्यानंच वाढवलं. तिची मुलगी आमच्याहून बरीच मोठी. तिला आम्ही ताई म्हणायचो. लहानपणी ताईला मेंदूज्वर झाला होता. अंगानं ती वाढली, समज मात्र पाच-सहा वर्षांच्या पोरीचीच राहिली. स्वतःच्या हातानं जेवायची, वेणी घालून घ्यायला हौसेनं बसायची, दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला "जेवलास का?" म्हणून विचारायची. पण रस्ता तिला एकटीला ओलांडता यायचा नाही आणि रुपया काय, आठ आणे काय, तिला सगळं सारखंच.

वडील निजामाच्या काळात महसुलाच्या कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळं लिहिणं उर्दूत. पोलीस ॲक्शन झाली, कारभाराची भाषा बदलली, वरचे अधिकारी बदलले, आणि आपलं इथं काही खरं नाही असं वाटून त्यांनी नोकरी सोडली. गंगापूरकडचा त्यांचा एक मित्र होता, चांगल्या जमीनदार शेतकरी घरातला. दोघांनी मिळून मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावर ऑइल इंजिनं आणि पंपांचं दुकान टाकलं. त्या मित्राला आम्ही काका म्हणायचो. काकांनी गावोगाव हिंडायचं, शेतकऱ्यांना इंजिन चालवून दाखवायचं. वडिलांनी दुकानात बसून हिशेब आणि कंपन्यांशी पत्रव्यवहार सांभाळायचा. नफा निम्मा-निम्मा. त्या वेळी आपल्याकडं बहुतेक विहिरींवर मोटा होत्या. त्या गेल्या आणि इंजिनं आली, ती आमच्याच दुकानातून पुष्कळ गेली. भागीदारी इतकी सरळ चालली की दोघांचं भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही.

सत्तरच्या दशकात वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. ते वाचले, पण खाटेवर पडल्या पडल्या त्यांना एकच घोर लागला. आपण गेल्यावर ताईचं काय होणार? माझा भाऊ पुण्याला इंजिनिअर झाला होता, लग्न होऊन तिकडंच राहिला होता. त्याचं मन वाईट नव्हतं. पण वडिलांनी उमेदीची वर्षं कचेरीत काढलेली. त्यांचा माणसाच्या मनापेक्षा कागदावर विश्वास जास्त.

दुकानाच्या टॅक्सचं काम बघणारे एक वकील होते. शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांचंही काम त्यांच्याकडंच असायचं. त्या काळात करांचे दर असे चढे होते की पैसेवाले लोक बायकोच्या नावानं, सुनेच्या नावानं, जन्माला न आलेल्या नातवाच्या नावानंसुद्धा ट्रस्ट काढत. उत्पन्नाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर थोडा थोडा कर भरायचा, असा तो मामला. वकीलसाहेबांचा यात हातखंडा. त्यांनी वडिलांना सुचवलं, "दुकानातल्या तुमच्या हिश्श्यातला निम्मा नफा ट्रस्टला कायमचा लिहून द्या. ट्रस्ट आत्याबाई आणि मुलगी यांच्यासाठी. एकदा दिलं की तुम्हालाही परत घेता येणार नाही आणि तुमच्या मुलालाही."

वडिलांना तेच हवं होतं. कर वाचवणं त्यांच्या मनातही नव्हतं. हे मी लेक म्हणून सांगत नाही. मी बी.कॉम. होऊन इथल्याच एका कॉलेजात हिशेबशास्त्र शिकवत होते आणि त्या ट्रस्टच्या दोन विश्वस्तांपैकी एक मी होते, दुसरी आत्या. ट्रस्ट जो कर भरत होता तो धरला तर आमची बचत फारशी नव्हतीच. वकीलसाहेबांनी मजकूर सांगितला आणि स्टॅम्प पेपरवर तो टाइप झाला. 'माझी ज्येष्ठ भगिनी व भाची यांच्यावरील नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी' वडील अमुक एवढा हिस्सा देत आहेत, असं त्यात होतं. आम्ही सह्या केल्या. काकांची सही घ्यायची का, असं मी विचारलं होतं. वकीलसाहेब म्हणाले, "कशाला? हा तुमचा घरगुती प्रश्न आहे. भागीदाराला कशाला मध्ये घ्यायचं?"

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. दुकानाचा नफा वाटला की ट्रस्टचा भाग सरळ ट्रस्टच्या खात्यात जायचा. वडील त्याला हात लावत नसत. ताईची औषधं, आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन, ताईला सांभाळायला ठेवलेली बाई, हे सगळं त्यातूनच झालं. आत्याला पहिल्यांदाच कुणापुढं हात पसरावा लागत नव्हता. एकदा ती मला बाजारात घेऊन गेली आणि तिनं स्वतःसाठी एक निळ्या काठाची साडी घेतली. दुकानदाराला पैसे देताना तिचा चेहरा फुलला होता.

मग इन्कम टॅक्सची नोटीस आली. ट्रस्टला दिलेलं उत्पन्न तुमचंच का धरू नये, असं वडिलांना विचारलं होतं.

आम्ही तिघं गेलो. वडील, मी आणि वकीलसाहेब. साहेब तरुण होता, बाहेरगावचा, नुकताच बदलून आलेला. त्याच्या टेबलावर ट्रस्टच्या फायलींची चळतच होती. बड्या व्यापाऱ्यांच्या लबाड्या बघून त्याचं मन आधीच विटलं असावं. आमची फाइल त्याच गठ्ठ्यातली. तो म्हणाला, "ही भाची खरंच आहे का? की कागदावरच आहे?"

वकीलसाहेब काही तरी पुटपुटले. मी म्हणाले, "आहे. बघायची असेल तर घरी या."

"मी घरी येत नाही. तुम्ही त्यांना इथं आणा."

म्हणून आम्ही ताईला आणि आत्याला घेऊन गेलो. सकाळपासून दुपार उलटेपर्यंत त्या दोघी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या. ताईला टाइपरायटरचा आवाज सहन व्हायचा नाही. ती कानांवर हात ठेवून पुढं-मागं डोलत होती आणि आत्या तिच्या पाठीवर थोपटत होती. येणारे-जाणारे थांबून बघत. शेवटी आत बोलावलं. ताईनं साहेबाकडं पाहिलं आणि आपल्या सवयीनं विचारलं, "जेवलास का?"

साहेब हसला नाही. त्यानं कागदावर काही तरी लिहिलं आणि आत्याकडं वळून विचारलं, "बाई, तुम्ही जेवता कुणाच्या घरी?"

आत्या म्हणाली, "भावाच्या."

"किराणा कोण भरतो?"

"तोच भरतो. घर एकच आहे ना."

"म्हणजे ट्रस्टचे पैसे तुमच्याकडं येतात आणि तुम्ही यांच्याच घरात राहता. पैसा फिरून त्याच घरात आला."

मी मध्ये पडले. "साहेब, ट्रस्टचे पैसे औषधाला आणि ताईला सांभाळणाऱ्या बाईच्या पगाराला जातात. हिशेब तुमच्यासमोर आहे."

"मॅडम, हिशेब सगळेच चांगले ठेवतात." मग तो वडिलांना समजावायला लागला, आणि त्याचं ते समजावणं मला त्याच्या संशयाहून जास्त लागलं. "हे बघा. विहीर तुमची आहे. तुम्ही पाणी उपसलं आणि बहिणीच्या रानात सोडलं. त्यानं विहीर बहिणीची होत नाही. भागीदार तुम्ही. नफा आधी तुमचा होतो, मग तुम्ही तो वाटता. तुम्ही तो कुणालाही द्या, देवाला द्या. कर तुमचाच. आणि तुम्ही तो कशासाठी दिला? प्रेमापोटी, असं तुम्हीच लिहिलंय. प्रेमानं दिलं म्हणजे देणं भाग नव्हतं."

ऑर्डर आली. ट्रस्टचं सगळं उत्पन्न वडिलांच्या डोक्यावर, दंडाच्या कारवाईची धमकी वेगळी. आणि ट्रस्टनं त्याच उत्पन्नावर आधीच भरलेला कर? तो परत नाही. तिथं लिहिलं होतं की अपिलात काय ठरतं ते कळेपर्यंत सरकारचं हित जपण्यासाठी ट्रस्टवरची आकारणीही तशीच राहील. एकच पैसा, दोन माणसांचा, दोन्हीकडून कर. मी वर्गात पोरांना दुहेरी नोंद शिकवत होते. अशी दुहेरी नोंद मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. ऑर्डरमध्ये एक वाक्य ताईबद्दलही होतं: 'लाभार्थी ही करदात्याच्याच घरात राहणारी असून तिला व्यवहाराचे आकलन नाही.' आकलन नाही म्हणून तर ट्रस्ट केला होता. साहेबानं तेच आमच्याविरुद्ध वापरलं.

आम्ही अपील केलं. वकीलसाहेब वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक करता येईल. दोघींना वेगळं ठेवा. भाड्याची जागा, वेगळा गॅस, वेगळं रेशनकार्ड. मग पैसा तुमच्या घरात परत आला असं म्हणता येणार नाही. मुलीला पुण्याच्या एखाद्या संस्थेत ठेवलंत तर अजूनच भक्कम."

वडील म्हणाले, "ते होणार नाही."

पण आत्यानं ऐकलं होतं. ती स्वयंपाकघरात होती आणि आमच्या घराच्या भिंती पातळ होत्या. दुसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "खरंच सुटेल का गं तो, आम्ही गेलो तर?" मी सांगितलं, वकील म्हणतात तसं, पण तू जाऊ नकोस. ती म्हणाली, "माझ्यामुळं त्याला कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लागतात. छातीत दुखतं त्याच्या." मुकुंदवाडीला आमच्या ओळखीच्या एका बाईंच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. तेव्हा मुकुंदवाडी म्हणजे शहराच्या बाहेर. जालन्याकडं जाणारे रेल्वेचे रूळ, पलीकडं शेतं. आठवड्याच्या आत आत्यानं तिकडं बिऱ्हाड केलं. इतकी वर्षं ज्या घरात तिनं आम्हाला वाढवलं, त्या घरातून तिनं दोन पातेली, एक स्टोव्ह, अंथरुणं आणि देवघरातला बाळकृष्ण एवढंच नेलं. वडील दारात उभे होते. त्यांनी तिला थांबवलं नाही. ताई रिक्षात बसायला तयार नव्हती. मी तिला आगगाडी दाखवते म्हणून फसवून बसवलं.

ती फसवणूक निदान खरी तरी ठरली. गाडी येताना ऐकू आली की ताई दारात जाऊन उभी राहायची आणि टाळ्या वाजवायची. आमच्याकडं मात्र घर असं रिकामं झालं की वडील जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे.

पहिल्या अपिलाचा निकाल आमच्याविरुद्ध लागला. तेही एक वेळ सोसलं असतं. पण त्या निकालात काय लिहिलं होतं ते वाचून मला वाटलं, हे कागद त्यांच्याच टेबलावर भिरकावून द्यावेत. अपिलाच्या साहेबांनी स्पष्ट म्हटलं होतं की लाभार्थी कुठं राहते, कुणाकडं जेवते, याचा या प्रश्नाशी संबंध नाही. खालच्या अधिकाऱ्यानं त्यावर उगाच भर दिला. मुद्दा एवढाच, की दुकानाच्या करारात ट्रस्टचं नाव नाही, दुसऱ्या भागीदारावर ट्रस्टचं काही बंधन नाही, आणि देणाऱ्यानं स्वखुशीनं, प्रेमापोटी दिलं आहे. म्हणून उत्पन्न देणाऱ्याचंच.

संबंध नाही. ज्या गोष्टीसाठी सत्तरीला टेकलेली बाई घर सोडून गेली, तिचा संबंधच नव्हता. एका साहेबाला तोच मुद्दा वाटला, दुसऱ्याला तो फुटकळ वाटला. मधल्या मध्ये आमचं घर मोडलं आणि त्याची नोंद कुठल्याच ऑर्डरमध्ये नाही. वकीलसाहेबांना मी विचारलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "प्रयत्न करून बघायचा असतो." त्यांच्या बड्या अशिलांच्या ट्रस्टांमध्ये दुसऱ्या भागीदारांच्या सह्या होत्या, दुकानांच्या करारात नोंदी होत्या, हे मला नंतर कळलं. त्यांचे ट्रस्ट टिकले. ज्यांना कर चुकवायचा होता त्यांचं सगळं शिस्तीत. ज्यांना एका मुलीची सोय करायची होती त्यांना 'कशाला भागीदाराला मध्ये घ्यायचं' हा सल्ला.

मी निकाल घेऊन मुकुंदवाडीला गेले. आत्याला इंग्रजी यायचं नाही, म्हणून मराठीत सांगत गेले. ती तांदूळ निवडत होती. 'प्रेमापोटी' या शब्दाशी आले तेव्हा तिचे हात थांबले.

"काय म्हणालीस? परत सांग."

मी परत सांगितलं. तुझ्यावरच्या प्रेमापोटी बाबांनी दिलं, असं ट्रस्टच्या कागदात आहे.

"असं लिहिलंय? मी सही केली तेव्हा मला कुणी वाचून दाखवलं नाही." तिनं तांदळाचं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "दुकान कशावर उभं राहिलं ते ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात ते कधी बोललं गेलं नव्हतं. काकांनी त्यांच्या वाट्याचे पैसे शेतीतून आणले होते. वडिलांकडं तेव्हा नोकरी सुटलेल्या कारकुनाकडं असतं तेवढंच होतं. त्यांच्या वाट्याचं भांडवल म्हणजे आत्याचे दागिने: गोठ, पाटल्या, पुतळ्यांची माळ, सासरहून आलेलं सगळं. "विधवेनं घालायचे नव्हतेच," आत्या म्हणाली, "पेटीत पडून होते. तो म्हणाला, अक्का, दुकानात तुझा वाटा. मी दिले. करार केला तेव्हा म्हणाला, बाईचं नाव घातलं तर बाजारात लोक हसतील, मी आहेच की. मी म्हटलं, ठीक आहे. इतकी वर्षं मी काही बोलले नाही. पण प्रेमापोटी? माझंच मला दिलं त्यानं, आणि लिहिलं काय, तर प्रेमापोटी."

तिचा आवाज चढला नव्हता. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मला मात्र तिथं बसवेना.

मी थेट दुकानात गेले. वडील गल्ल्यावर होते आणि काका समोरच्या बाकावर बसून चहा पीत होते. मी काकांसमोरच विचारलं, "बाबा, दुकानाचं भांडवल आत्याच्या दागिन्यांचं होतं का?"

वडिलांनी मान खाली घातली. काका म्हणाले, "व्हय. म्या सोता तिच्या हातातून गाठोडं घेतलं व्हतं. सराफाकडं आमी दोघं गेलतो."

"मग तुम्ही साहेबांना हे का नाही सांगितलंत? प्रेमानं दिलं असं का लिहिलंत? देणं भागच होतं ना तुम्हाला?"

वडिलांनी गल्ला बंद केला. मग म्हणाले, "वकिलानं लिहिलं, मी सही केली. आणि..." पुढचं त्यांनी पूर्ण केलं नाही. पण मला कळलं. इतकी वर्षं सगळ्या गावाच्या नजरेत ते विधवा बहिणीला आणि तिच्या मुलीला पोसणारे भाऊ होते. ते मोठेपण त्यांना सोडवलं नव्हतं. बहिणीचंच तिला परत देतोय असं लिहिलं असतं तर त्यात मोठेपणा कसला राहिला असता?

त्या साहेबावर मला आधीच राग होता. त्या दिवशी वडिलांवर आला, आणि तो जास्त तिखट होता, कारण हा माणूस मला आवडायचा.

काकांनी कप खाली ठेवला. "त्या साहेबानं विहिरीचं काय सांगितलं व्हतं? विहीर तुमची, पाणी कुणालाबी सोडा, असं ना? तर आमच्याकडं विहिरीत हिस्सा असतो. भाऊभाऊ वेगळे झाले तरी चार आणे याचे, आठ आणे त्याचे. ज्याची पाळी त्याचं पाणी. ते कुणी कुणाला दान देत नाय. अक्काचा ह्या विहिरीत हिस्सा हाय. तुमी तिला पाणी सोडत व्हता आणि म्हणत व्हता, म्या दिलं."

"मग आता काय करू?" वडील म्हणाले.

"खरं सांगा. मी पण येतो सांगाया."

वरच्या अपिलाचं न्यायपीठ पुण्याला होतं. वडील छातीवर हात ठेवून एसटीनं गेले, आम्ही सोबत. काकांनी शपथपत्र केलं की भांडवल बहिणीच्या दागिन्यांचं होतं आणि भावानं तिला वाटा कबूल केला होता. वडिलांनी भर कचेरीत उभं राहून सांगितलं की ट्रस्टच्या कागदात जे लिहिलंय ते खरं नाही, हे मी प्रेमानं दिलेलं नाही, हे तिचंच होतं. ते बोलताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की न्यायपीठावरच्या एकांनी मोठ्यानं बोलायला सांगितलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते रागापेक्षा वेगळं होतं.

काही महिन्यांनी निकाल आला. त्यांनी म्हटलं होतं की दागिन्यांची गोष्ट आधीच्या कुठल्याच टप्प्यावर सांगितलेली नाही, तिला समकालीन पुरावा नाही, शपथपत्र करणारा भागीदार हितसंबंधी आहे, आणि म्हणून ही नंतर सुचलेली गोष्ट मानावी लागते. अपील नामंजूर.

नंतर सुचलेली गोष्ट. जे खोटं होतं ते स्टॅम्प पेपरवर असल्यानं खरं ठरलं. जे खरं होतं ते उशिरा बोललं गेलं म्हणून खोटं. मी कायदा शिकलेली नाही. कायद्याला पुरावा लागतो हे मला कळतं. पण विधवेच्या अंगावरचे दागिने घरातल्या पुरुषाच्या हातात जातात तेव्हा पावती कोण करतं? अशी पावती या शहरातल्या किती घरांत सापडेल? हा प्रश्न त्या सगळ्या मजल्यांवरच्या सगळ्या साहेबांपैकी एकालाही पडला नाही. वडिलांनी मागच्या वर्षांचा कर दंडासकट भरला. ट्रस्टनं भरलेला परत मिळायला पुढं कित्येक वर्षं अर्ज करत राहावं लागलं.

त्यानंतर काकांनी मात्र वेळ घालवला नाही. दुसऱ्या एका वकिलाकडून त्यांनी भागीदारीचा नवा करार करून आणला. त्यात तीन भागीदार होते. काकांचा निम्मा हिस्सा तसाच, आणि वडिलांच्या निम्म्यातला निम्मा आत्याच्या नावानं, ट्रस्ट नाही, देणगी नाही, सरळ भागीदार. सही करायला आत्या मुकुंदवाडीहून निळ्या काठाची साडी नेसून आली. वडिलांनी पेन तिच्यापुढं धरलं. ती म्हणाली, "आधी वाचून दाखवा." मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मग तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत.

पुढच्या वर्षापासून तिच्या वाट्याचं उत्पन्न तिचं धरलं गेलं. कुणी विचारलं नाही ती कुठं राहते, कुणाकडं जेवते. पैसा तोच, दुकान तेच, औषधं त्याच मुलीची. फक्त करारात एक नाव वाढलं होतं, जे सुरुवातीलाच असायला हवं होतं. तीस वर्षांपूर्वी बाजार हसेल म्हणून जे गाळलं, ते घातल्यावर बाजारात कुणीही हसलं नाही. आत्या महिन्यातून एकदा दुकानात यायची, काकांशी पाऊसपाण्याच्या गोष्टी करायची, हिशेब ऐकायची आणि जायची. घरी राहायला चल म्हणून वडिलांनी तिला दोनदा सांगितलं. तिनं नाही म्हटलं. "आता सवय झाली," एवढंच कारण तिनं दिलं.

वडील त्यानंतर फार वर्षं जगले नाहीत. ते गेल्यावर व्यापाऱ्यांनी शोकसभा घेतली. एका बड्या व्यापाऱ्यानं, ज्याचे चार-पाच ट्रस्ट सुखरूप चालले होते, भाषण केलं. तो म्हणाला, "आजच्या काळात कोण भाऊ विधवा बहिणीला दुकानातला हिस्सा देतो? असा दिलदार माणूस पुन्हा होणे नाही." लोकांनी माना हलवल्या. आत्या माझ्याशेजारी खुर्चीवर बसली होती, ताईचा हात हातात धरून.

माझं बोलायचं ठरलेलं नव्हतं. तरी मी उठले आणि म्हणाले, "माझे वडील चांगले होते. पण हिस्सा त्यांनी दिला नाही. तो आत्याचाच होता, तिच्या दागिन्यांचा. त्यांनी तो परत केला, आणि उशिरा केला. शेवटी त्यांनी हे स्वतः पुण्याला जाऊन सांगितलं होतं. तिथं कुणी खरं मानलं नाही. तुम्ही तरी माना."

भाऊ पुण्याहून आला होता. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी वडिलांच्या तोंडाला काळं फासलं होतं. काका मागच्या रांगेतून एकटेच म्हणाले, "बरोबर हाय."

मुकुंदवाडीला परत जाताना रिक्षात आत्या बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आजच बोलायला पाहिजे होतं का गं? तेराव्याच्या आत?"

मी म्हणाले, "मग कधी बोलायचं होतं?"

खोलीशी आल्यावर तिनं कुलूप काढलं, ताईचे पाय धुतले, स्टोव्ह पेटवला आणि मला म्हणाली, "बस. भाकरी टाकते."